ओपन सोर्स प्रकल्पात कोड रिव्ह्यूची स्वयंचलित साधनं कशी बसवावीत

कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे रोजचे भाव दाखवणारा एक ओपन सोर्स प्रकल्प डोळ्यांसमोर आणा. मेंटेनर दोनच, आणि दोघेही मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करून रात्री रेपो, म्हणजे कोडचं भांडार, सांभाळणारे. बाकी योगदान नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचं. बॅकएंड पायथनमध्ये, वेबचा भाग जावास्क्रिप्टमध्ये. ऑक्टोबर उजाडला की हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या मोहिमेच्या निमित्ताने पीआरची (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडात बदल घेण्याची विनंती) रीघ लागते आणि मेंटेनरचा वेळ जागा, कोट आणि न वापरलेली इम्पोर्ट दाखवण्यात जातो.

असा प्रकल्प लिंटर (कोडातल्या चुका शोधणारं साधन), फॉरमॅटर (कोडाची मांडणी एकसारखी करणारं साधन), सुरक्षेची तपासणी आणि एआय रिव्ह्यू बसवायला घेतो तेव्हा घोटाळा बहुधा क्रमात होतो. एकाच शनिवारी सगळं चालू केलं जातं. सोमवारी एखादी मुलगी तीन ओळी बदलून पीआर टाकते आणि तिला दोनशे सूचना येतात. त्यातल्या एकशे पंच्याण्णव दुसऱ्या कुणीतरी दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळींबद्दल असतात. ती परत येत नाही. म्हणून पुढचं सगळं एकाच निकषावर तपासायचं: साधनाने पीआरमध्ये बदललेल्या ओळींबद्दलच बोलावं, आणि जे बोलेल त्यावर वाद घालायला जागा नसावी.

आधी मोजणी करा

काहीही बसवण्याआधी शेवटचे मर्ज झालेले, म्हणजे मूळ कोडात मिसळलेले, तीस पीआर उघडा आणि त्यांवरच्या सगळ्या टिप्पण्या तीन ढिगांत वाटा. पहिला ढीग मांडणीचा: ओळीची लांबी, कोट, रिकाम्या ओळी. दुसरा यांत्रिक चुकांचा: न वापरलेलं इम्पोर्ट, अस्तित्वात नसलेलं व्हेरिएबल, विसरलेला अवेट. तिसरा समजेचा. पहिले दोन यंत्राला द्यायचे, म्हणजे तिसऱ्यासाठी माणसाला सवड मिळते.

तिसऱ्या ढिगात काय येतं ते नीट पाहा, कारण हे सगळं त्याच्यासाठी चाललंय. सरकारी बाजारभावाच्या आकडेवारीत दर क्विंटलमागे असतो. कुणी तो किलोचा समजून दाखवला तर शंभर पटींची चूक होते, आणि कोणताही लिंटर ती पकडत नाही. पायथनमध्ये इंट या फंक्शनला देवनागरी ‘१२’ दिलं तर बारा मिळतात, जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला तेच दिलं तर ‘नॅन’ (संख्या नाही) येतं. कोड दोन्हीकडे स्वच्छ दिसतो. आंबिया बहाराचं फळ हिवाळ्याच्या तोंडाशी बाजारात येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला; उन्हाळा सरताना आवक आटते आणि सरासरी काढणारं फंक्शन शून्याने भागायला जातं. हे ओळखणारा माणूस नागपुरात सहज भेटतो. त्याचा वेळ स्वल्पविराम मोजण्यात घालवू नका.

फॉरमॅटर आधी, आणि एकाच दमात

पायथनला ब्लॅक किंवा रफ फॉरमॅट, जावास्क्रिप्टला प्रेटियर. ब्लॅक आणि रफ दोन्हींची ओळ मुळात ८८ अक्षरांची असते. ती बदलण्यावर चर्चा करू नका, आहे तशी ठेवा. फॉरमॅटर घ्यायचा तो चर्चा थांबवण्यासाठीच.

काम दोन कमिटमध्ये (कमिट म्हणजे बदलाची एक नोंद), दोन वेगळ्या पीआरमधून करा. पहिल्या कमिटमध्ये फक्त कॉन्फिग आणि फॉरमॅटरची नेमकी आवृत्ती. दुसऱ्यात संपूर्ण रेपोवर फॉरमॅटर चालवल्याने झालेले बदल, हाताने केलेला एकही बदल नाही. ही दुसरी कमिट ‘ब्लेम’मधून, म्हणजे कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीतून, वगळता येते: रेपोच्या मुळाशी ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ नावाची फाइल (नाव अर्थातच रोमन लिपीत) करा आणि तीत त्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (ओळखक्रमांक) टाका. ही सोय गिटमध्ये २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. गिटहबचं ब्लेमचं पान ही फाइल आपोआप वाचतं. स्वतःच्या मशीनवर मात्र प्रत्येकाला गिट कॉन्फिगमध्ये ‘ब्लेम इग्नोर रेव्ह्ज फाइल’ एकदा नेमावी लागते. इथे हमखास होणारी चूक अशी: हॅश त्याच पीआरमध्ये लिहिला जातो, पीआर स्क्वॉश होऊन (सगळ्या कमिटची एक नवी कमिट होऊन) मर्ज होतो, हॅश बदलतो आणि फाइल निरुपयोगी ठरते. म्हणून मर्ज झाल्यावर मेन ब्रांचवरचा हॅश घेऊन वेगळा छोटा पीआर टाका.

त्या वेळी उघडे असलेले पीआर अडकतात, कारण जवळजवळ प्रत्येक ओळीवर कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीतल्या दोन बदलांचा झगडा) येतो. त्यातून बाहेर पडायची वाट आहे आणि ती योगदान देणाऱ्याला लिहून द्यायला हवी:

१. आपल्या ब्रांचमध्ये फॉरमॅटच्या आधीची, म्हणजे कॉन्फिगची कमिट मर्ज करा. खरे कॉन्फ्लिक्ट असतील तर इथेच सोडवा.
२. त्याच आवृत्तीचा फॉरमॅटर आपल्या ब्रांचवर चालवा आणि कमिट करा.
३. फॉरमॅटची कमिट ‘अवर्स’ या स्ट्रॅटेजीने मर्ज करा. गिट ती घेतल्याची नोंद करतं, पण तुमच्या फायलींना हात लावत नाही.
४. आता मेन नेहमीसारखं मर्ज करा.

पायरी गाळली तर, विशेषतः दुसरी न करताच तिसरी केली तर, जुनी मांडणी परत येते. कॉन्फिग आधीच्या कमिटमध्ये ठेवायचं कारणही हेच: पहिल्या पायरीत ते ब्रांचवर आलं नाही तर दुसऱ्या पायरीत फॉरमॅटर वेगळ्याच सेटिंगने चालतो.

कॉलेजच्या लॅबमधली बहुतेक मशीन विंडोजची असतात. ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये सगळ्या मजकूर-फायलींसाठी ‘टेक्स्ट ऑटो’ आणि ‘ईओएल एलएफ’ लिहिलं नाही, तर ओळीच्या शेवटचं विंडोजचं सीआरएलएफ हे चिन्ह प्रेटियरला खटकतं आणि तो संपूर्ण फाइल चुकीची म्हणून दाखवतो. ही एक ओळ फॉरमॅटच्या आधी टाका.

थोडे नियम, आणि जुन्याला माफी

लिंटरमध्ये सुरुवातीला इतकेच नियम चालू करा की त्यातला प्रत्येक निर्विवाद चूक दाखवेल. रफमध्ये (तो पायथनचा लिंटरही आहे) ‘एफ’ गट आणि ‘ई९’ पुरेसे आहेत: न सापडणारं नाव, न वापरलेलं इम्पोर्ट, तुटलेलं सिंटॅक्स. जावास्क्रिप्टच्या ईएसलिंटमध्ये ‘रेकमेंडेड’ संच. एकदा रफ ‘स्टॅटिस्टिक्स’ पर्यायासह चालवा, कोणता नियम किती ठिकाणी मोडलाय त्याची यादी मिळते. वीस-तीस ठिकाणचं असेल ते हाताने दुरुस्त करा. शेकड्यांनी असेल तर माफी द्या.

माफीची पद्धत साधनागणिक वेगळी. रफला ‘ॲड नोक्यूए’ पर्याय दिला की तो प्रत्येक जुन्या चुकीच्या ओळीशेवटी सूट लिहितो. ईएसलिंटमध्ये ९.२४ पासून, म्हणजे २०२५ पासून ‘सप्रेस ऑल’ आहे. तो सगळ्या सुटी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल प्रत्येक फायलीत प्रत्येक नियमाची संख्या धरते, ओळ धरत नाही. म्हणजे आठ जुन्या चुका असलेल्या फायलीत नववी भरली तर नऊच्या नऊ दिसतात. नवख्याला याचा धक्का बसतो, म्हणून योगदानाच्या सूचनांत एक ओळ लिहून ठेवा. गो भाषेच्या गोलँगसीआय-लिंटला ‘न्यू फ्रॉम मर्ज बेस’ दिलं की तो फक्त नवीन ओळी पाहतो. ज्या लिंटरला अशी सोयच नाही त्याचं आउटपुट रिव्ह्यूडॉग या निकाल गाळणाऱ्या साधनातून न्या. त्याचा मूळ फिल्टर भर घातलेल्या आणि बदललेल्या ओळींपुरताच असतो.

इथे एक तांत्रिक खाच आहे. गिटहब ॲक्शन्स या आपोआप तपासण्या चालवणाऱ्या सोयीतलं चेकआउट फक्त शेवटची एक कमिट आणतं. मेनशी तुलना करणाऱ्या साधनाला मग मर्ज बेस (दोन ब्रांच जिथून फुटल्या ती कमिट) सापडत नाही आणि ते एरर देतं किंवा सगळीच फाइल नवी समजतं. ‘फेच डेप्थ’ शून्य करा, म्हणजे पूर्ण इतिहास येतो.

आपोआप दुरुस्ती जपून वापरा. न वापरलेलं इम्पोर्ट काढणारी दुरुस्ती जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये सिग्नल नोंदवण्यासाठी केलेलं इम्पोर्टही काढून टाकते. एरर कुठेच दिसत नाही. भाव बदलल्यावर जाणारे मेसेज तेवढे बंद पडतात. अशा ओळीवर सूट आणि तिचं कारण, दोन्ही लिहा.

कमिटच्या आधी तपासण्या (हुक) चालवणारं प्री-कमिट हे साधन सोयीचं, कारण योगदान देणाऱ्याच्या मशीनवर आणि सीआयमध्ये (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) तेच कॉन्फिग, त्याच आवृत्त्या चालतात. पण मशीनवर ते सक्तीचं करू नका. पहिल्या वेळी ते प्रत्येक हुकचं सामान इंटरनेटवरून उतरवतं, आणि कॉलेजच्या प्रॉक्सीमागे ते अडकतं. शिवाय ‘नो व्हेरिफाय’ दिलं की हुक टळतातच. निकाल सीआयचा, प्री-कमिट फक्त आधी कळावं म्हणून.

मराठी मजकूर असलेला कोड

ही साधनं बनवताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी मजकूर असतो, त्यामुळे आपल्याकडे काही ठिकाणी ती अडखळतात आणि काही ठिकाणी खरंच उपयोगी पडतात.

‘किंमत’ हा शब्द घ्या. वाचताना तीन अक्षरं: किं, म, त. युनिकोडमध्ये पाच: क, इकार, अनुस्वार, म, त. पायथनचा दुसरा लिंटर फ्लेकएट पाच मोजतो. रफ अक्षराची रुंदी धरतो आणि अनुस्वाराची रुंदी शून्य असते, म्हणून त्याची बेरीज वेगळी येते. दोन्ही साधनं ठेवली तर एकच ओळ एकात पास, दुसऱ्यात नापास होते. एकच ठेवा, आणि भाषांतराच्या फायलींना ओळीच्या लांबीचा नियम लावूच नका.

जावास्क्रिप्टमध्ये कुणी रेगेक्सच्या (मजकूर शोधायच्या नमुन्याच्या) चौकटी कंसात ‘कि’ लिहिलं तर ईएसलिंट हरकत घेतो की हे दोन चिन्हं जोडून झालेलं अक्षर आहे. ती हरकत बरोबर असते. चौकटी कंस ‘कि’ असं एक अक्षर ओळखत नाही, सुटा ‘क’ किंवा सुटा इकार जुळवतो. नियम बंद करू नका. ‘कि किंवा खि’ असा उभ्या रेघेने पर्याय लिहा.

सगळ्यात चिवट प्रकरण ‘ऱ्या’चं. ‘व्यापाऱ्याचे’ हा शब्द एका कीबोर्डवरून ऱ, हलन्त, य असा येतो. दुसऱ्यावरून र, हलन्त, न दिसणारा जोडक, य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण तुलना केली तर वेगळे. एनएफसी (युनिकोडचं प्रमाण रूप) केल्यानेही ते एक होत नाहीत. अदृश्य अक्षरं पकडणारी तपासणी लावली असेल तर हा जोडक, यू+२००डी, तिच्यातून वगळा, नाहीतर शुद्ध मराठीवरच पीआर अडेल. आणि मजकूर आत घेताना दुसरं रूप पहिल्यात बदलणारं छोटं फंक्शन व त्याची चाचणी लिहा. मजकुराची दिशा उलटवणारी नियंत्रक अक्षरं मात्र सरसकट अडवा. २०२१ साली ‘ट्रोजन सोर्स’ नावाने उघड झालेला हल्ला त्यांच्यावरच चालतो, आणि मराठीला त्यांची गरज कधीच पडत नाही.

स्पेलिंग तपासायला कोडस्पेल घ्या. ते नेहमीच्या चुकांची यादी बाळगतं, अनोळखी शब्दाला चूक म्हणत नाही. म्हणून रोमनमध्ये लिहिलेलं ‘संत्रा’ किंवा ‘आवक’ त्याला खटकत नाही. रोमन ‘ते’ मात्र इंग्रजी ‘द’ची चूक समजून धरतं. तो शब्द सुटीच्या यादीत टाका.

फोर्कमधून येणारा पीआर म्हणजे परक्याचा कोड

फोर्क म्हणजे दुसऱ्याने स्वतःकडे केलेली रेपोची प्रत. हा भाग घाईत करू नका. लिंटर कोड नुसता वाचतो असं वाटतं, पण ईएसलिंटचं कॉन्फिग ही स्वतःच जावास्क्रिप्टची फाइल असते आणि ती चालवली जाते. एनपीएम इन्स्टॉल पॅकेजमधल्या स्क्रिप्ट चालवतं. म्हणजे परक्याच्या पीआरवर लिंटर चालवणं म्हणजे परक्याचा कोड तुमच्या रनरवर (तपासणी चालवणाऱ्या मशीनवर) चालवणं.

गिटहबवर ‘पुल रिक्वेस्ट’ या इव्हेंटला फोर्कमधून आलेल्या पीआरसाठी टोकन फक्त वाचायचं मिळतं आणि सीक्रेट (रेपोत साठवलेल्या गुप्त किल्ल्या) मिळत नाहीत. हे संरक्षण आहे. अडचण अशी की त्यामुळे बॉटला पीआरवर टिप्पणी करता येत नाही, आणि मग कुणीतरी सुचवतं की ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ वापरा. तो इव्हेंट मूळ रेपोच्या अधिकाराने, सीक्रेटसह चालतो. त्यात पीआरचा कोड चेकआउट करून काहीही चालवलं की त्या सीक्रेट कुणालाही काढून नेता येतात. लिंटरसाठी तो वापरूच नका. टिप्पणीऐवजी ॲनोटेशन दाखवा. ती डिफमध्ये ओळीखालीच दिसतात आणि लिहिण्याचा अधिकार लागत नाही. त्यांना मर्यादा आहे: एका स्टेपमधून एरर दहा आणि वॉर्निंग दहा. नियम कमी ठेवायला हेही एक कारण. टिप्पणीच हवी असेल तर दोन वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या फेऱ्या) करा. पहिला अधिकाराशिवाय लिंटर चालवून निकाल आर्टिफॅक्टमध्ये (फेरीनंतर जपलेल्या फाइलमध्ये) ठेवतो. दुसरा ‘वर्कफ्लो रन’वर चालून तो निकाल फक्त मजकूर म्हणून वाचतो आणि टिप्पणी टाकतो. दुसऱ्यात पीआरचा कोड कधीही येता कामा नये.

वर्कफ्लोच्या वरच ‘परमिशन्स’मध्ये फक्त ‘कंटेंट्स रीड’ लिहा. चेकआउटला ‘पर्सिस्ट क्रेडेन्शियल्स फॉल्स’ द्या. पीआरचं शीर्षक थेट शेल कमांडमध्ये घालू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या, कारण शीर्षकात कमांड लिहिता येते. जॉबची मुळातली मुदत ३६० मिनिटं असते; लिंटला दहा पुरेत. त्याच पीआरवर नवी कमिट आली की जुनी फेरी रद्द होईल अशी ‘कन्करन्सी’ लावा.

बाहेरची प्रत्येक ॲक्शन टॅगने घेण्याऐवजी ४० अक्षरी कमिट हॅशने घ्या. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स चेंज्ड-फाइल्स’ या २३,००० हून जास्त रेपोंत वापरल्या जाणाऱ्या ॲक्शनचे टॅग दुष्ट कमिटकडे वळवले गेले आणि सीक्रेट सार्वजनिक लॉगमध्ये छापल्या गेल्या. हॅशने बांधून ठेवलेल्या रेपोंना टॅग वळवल्याने काही झालं नाही. गिटहबचा डिपेंडाबॉट हे हॅशही अद्ययावत करतो, म्हणून देखभाल वाढत नाही. वर्कफ्लोच्या फायली तपासायला झिझमोर आणि ॲक्शनलिंट लावून ठेवा.

बाजारभावाच्या सरकारी एपीआयला की (गुप्त किल्ली) लागते, आणि ती कोडमध्ये चिकटवून पीआर टाकणारं कुणीतरी असतंच. अशा किल्ल्या शोधणारं गिटलीक्स प्री-कमिटमध्ये ठेवा आणि गिटहबचं पुश प्रोटेक्शन चालू करा, सार्वजनिक रेपोला ते फुकट आहे. तरीही ही किल्ली एकदा बाहेर गेली तर कमिट पुसत बसू नका. ती आधी रद्द करून नवी घ्या.

मर्जची अट

पहिले तीन-चार आठवडे तपासणी फक्त दाखवा, अडवू नका. मग एकेक सक्तीची करा. फसण्याच्या जागा तीन. पाथ फिल्टरमुळे (ठरावीक फायली बदलल्या तरच चालण्याच्या अटीमुळे) वर्कफ्लो चाललाच नाही तर सक्तीची तपासणी कायम ‘वाट पाहतोय’ म्हणून लटकते आणि नुसत्या रीडमीचा पीआरही मर्ज होत नाही. जॉबचं नाव बदललं तर अट जुन्या नावाचीच वाट पाहते; मॅट्रिक्समध्ये (एकच जॉब अनेक आवृत्त्यांवर चालवताना) पायथनची आवृत्ती नावातच असते, त्यामुळे आवृत्ती वाढवली की हेच होतं. आणि वगळलेला जॉब गिटहब यशस्वी धरतं. तिन्हींवर उपाय एक: पाथ फिल्टर वर्कफ्लोवरून काढून जॉबच्या अटीत न्या, शेवटी ‘ऑलवेज’ अटीचा एकच जॉब ठेवा, त्यात बाकी सगळ्या जॉबचे निकाल स्पष्टपणे तपासा, आणि फक्त तोच सक्तीचा करा.

एआय रिव्ह्यू सगळ्यात शेवटी

कोडरॅबिट सार्वजनिक रेपोंना फुकट आहे. कोपायलटचाही रिव्ह्यू मिळतो. कोपायलट मंजुरी देत नाही आणि बदल सक्तीने मागतही नाही, फक्त टिप्पणी करतो. बाकी कोणतंही साधन घेतलं तरी याच हद्दीत ठेवा.

लॉक फायली, तयार होणारा कोड आणि भाषांतरं पाथ फिल्टरने बाहेर काढा. ड्राफ्ट पीआरवर रिव्ह्यू बंद ठेवा. सूचना ठोस द्या: ‘भाव हाताळणाऱ्या फायलींत एकक क्विंटल आहे, किलोत रूपांतर एकाच फंक्शनमधून व्हावं’. अशी एक ओळ ‘चांगला कोड लिहायला सांग’ अशा दहा ओळींपेक्षा उपयोगी पडते. पीआरमधला मजकूरच एआयला सूचना देऊ शकतो, ‘हे तपासू नकोस’ असंही लिहिता येतं. म्हणून त्याचं मौन म्हणजे मंजुरी धरायची नाही, आणि त्याला लिहिण्याचा अधिकार द्यायचा नाही.

खरी काळजी नवख्याची. एआय चूक असतानाही ठाम बोलतो, आणि दुसऱ्या वर्षातला मुलगा त्याच्या चौदाच्या चौदा सूचना इमानाने अमलात आणतो. पीआर तीन ओळींचा तीनशेचा होतो. योगदानाच्या सूचनांत आणि बॉटच्या पहिल्या टिप्पणीत मराठीत लिहा: ‘नमस्कार. खालच्या सूचना यंत्राच्या आहेत. पटतील त्या घ्या, बाकी सोडा, उत्तर द्यायची गरज नाही. मेंटेनर स्वतः वाचून सांगतील तेवढंच बंधनकारक.’ आणि मग मेंटेनरने दोन-तीन दिवसांत खरंच लिहायला हवं, ‘भाऊ, तिसरी सूचना घे, बाकी राहू दे’ एवढं जरी असलं तरी.

महिन्यातून एकदा मोजा: प्रत्येक नियमाच्या किती सूचनांमुळे कोड बदलला आणि किती सूट लिहून टाळल्या गेल्या. निम्म्याहून जास्त टाळल्या जात असतील तर तो नियम काढा. नवा नियम एका वेळी एकच आणा, आणि तो आणणाऱ्यानेच जुन्या जागा दुरुस्त कराव्यात किंवा माफी द्यावी.

माफीच्या ओळी हळूहळू कमी करायच्या असतात. रफमध्ये ‘आरयूएफ१००’ चालू ठेवा, गरज संपलेल्या सुटी तो दाखवतो. एका फायलीतल्या एका नियमाच्या सगळ्या सुटी काढणं हे पहिल्यांदा येणाऱ्यासाठी नेमकं काम आहे. अर्ध्या तासात होतं आणि त्यात अख्खी फाइल वाचून होते. फक्त भाव मोजणाऱ्या फायली या यादीत टाकण्याआधी त्यांना चाचण्या आहेत ना, ते पाहून घ्या.